५० मिमी एफ १.८ लेन्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॅनन १५००डी कॅमेऱ्यावर कॅननचीच ५० मिमी एफ १.८ एसटीएम (स्टेपिंग मोटरवर फोकस करणारी) लेन्स आठ महिने वापरून झाली. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं. नवशिक्याने दुसरी लेन्स म्हणून हीच घ्यावी. पहिली म्हणून मात्र नको. या कॅमेऱ्याच्या १.६ क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा १.६ पट लहान) ती ८० मिमीइतकी अरुंद दिसते. मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) दिवशी नागपूरच्या इतवारीत मागे सरकायला जागा नसते आणि अख्खी मारबत फ्रेममध्ये मावत नाही. तिथं कॅमेऱ्यासोबत येणारी किटची १८-५५ मिमी लेन्सच कामाची.

हिची खरी किंमत उजेड उतरल्यावर कळते. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ही जवळपास दहापट प्रकाश आत घेते. फुटाळा तलावावर सूर्य बुडाल्यावर किटला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल, तर इथं ८०० च्या आत भागतं.

"फोटो शार्प येत नाही" ही तक्रार बहुतेक जण करतात. दोष लेन्सचा नसतो. एफ १.८ ला एक मीटरवर जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान धूसर. एव्ही मोड लावा (छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ २.८ ठेवा, फक्त मधला फोकस पॉइंट निवडा (नऊपैकी तोच क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा आहे) आणि जवळच्या डोळ्यावर धरा. फोकस घेऊन कॅमेरा फार वळवू नका, तेवढ्यानंही तो निसटतो. लेन्समध्ये हाताचा हलका धक्का सावरणारा स्टॅबिलायझर नाही. शटर १/१२५ सेकंदाच्या खाली गेलं की आयएसओ वाढवा. ३५ सेंटीमीटरच्या आत फोकसच होत नाही.

नागपूरच्या भरदुपारी एफ १.८ विसराच. आयएसओ १०० लाही शटर १/८००० च्या आसपास लागतं, कॅमेरा १/४००० वर थांबतो, फोटो पांढराफटक. शिवाय दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटासारख्या कडांना जांभळी झालर येते. एफ ४ ला ती बरीच जाते.

जवळचा फोटो घेताना पुढची नळी बाहेर येते. तशीच बॅगेत कोंबली तर मोटरवर दाब येतो, म्हणून बंद करण्याआधी लांबच्या वस्तूवर फोकस करून ती आत घ्या.

आणि कूलरच्या खोलीत लेन्स उघडी ठेवू नका. त्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, पावसाळ्यातही तेच. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. जेलचे रंगीत दाणे रंग बदलले की ते वाळवून पुन्हा डब्यात टाकायचे.