ई-प्रिस्क्रिप्शन: अक्षराचा प्रश्न सुटला, बाकीचे उरले

दवाखान्यातून थेट औषध दुकानाच्या संगणकावर चिठ्ठी पाठवणाऱ्या प्रणालींचा पहिला फायदा उघड आहे: डॉक्टरांचं अक्षर लावत बसावं लागत नाही. पण चुका संपत नाहीत, त्यांची जागा बदलते. यादीत एकाखाली एक दिसणाऱ्या सारख्या नावांतून भलतंच औषध निवडलं जातं. डोसच्या रकान्यात ‘दिवसातून एकदा’ आणि खालच्या शेऱ्यात ‘आठवड्यातून एकदा’ असंही येतं. संधिवातासारख्या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या औषधाच्या बाबतीत हा विसंवाद जिवावर बेतू शकतो. इथे फार्मासिस्टनं अंदाज न बांधता सरळ फोन करावा.

खरी कसोटी ‘रद्द’ संदेशाची. डॉक्टरांनी औषध बंद केलं, तरी अनेकदा ते फक्त दवाखान्याच्या नोंदीतून जातं; दुकानात जुनी चिठ्ठी तशीच राहते आणि रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध, मिळत राहतं. ई-चिठ्ठ्यांच्या देवाणघेवाणीसाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ‘एनसीपीडीपी स्क्रिप्ट’ या मानकात यासाठी ‘कॅन्सल आरएक्स’ हा संदेश आहे, पण तो दोन्ही टोकांना सुरू असावा लागतो. प्रणाली विकत घेण्याआधी चाचणीची चिठ्ठी पाठवा, रद्द करा आणि दुकानाकडून उत्तर परत येतं का ते पाहा. प्रणाली पडद्यावर दाखवते त्या धोक्याच्या सूचनांचा भडिमार मात्र वैताग आणतो; शेवटी न वाचताच ‘ओके’ दाबलं जातं.