आयसीएमआरची एसटीएस: दोन महिन्यांत मावेल एवढाच प्रश्न घ्या

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून शॉर्ट टर्म स्टुडंटशिप देते. कॉलेजात तिला सगळे एसटीएसच म्हणतात. एमबीबीएस किंवा बीडीएसच्या विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजातल्या पूर्णवेळ शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने संशोधन करायचे आणि अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि ५०,००० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम २०,००० होती. पदवीच्या वर्षांत स्वतःचा प्रश्न घेऊन सरकारी पैशावर काम करता येईल अशा योजना फार थोड्या आहेत, म्हणून ही मनापासून सुचवावीशी वाटते.

तिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे प्रस्ताव नावाशिवाय तपासला जातो. विद्यार्थी, गाइड, कॉलेज यांपैकी काहीही प्रस्तावात दिसता कामा नये. त्यामुळे नांदेडचा प्रस्ताव आणि मुंबईचा प्रस्ताव एकाच तराजूत तोलले जातात. मात्र नाव फुटते ते भलत्याच ठिकाणी: संमतिपत्राच्या लेटरहेडवर, प्रश्नावलीच्या तळाशी, ‘अभ्यासाचे ठिकाण’ या रकान्यात. तिथे ‘एक टर्शरी केअर हॉस्पिटल’ एवढेच लिहावे. कॉलेजचे नाव आणि डीनची सही-शिक्का यांची जागा वेगळ्या साक्षांकन पत्रावर आहे. गाइडलाही एका वर्षी एकच विद्यार्थी घेता येतो, तेव्हा चांगल्या गाइडकडे योजनेची सूचना निघायच्या आधीच जावे.

खरी गडबड होते ती नमुनासंख्येत, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे यात. पीएसएममध्ये (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्र) शिकवलेले सूत्र सगळ्यांना पाठ असते: चार पीक्यू भागिले एल वर्ग. यात पी म्हणजे आजाराचे टक्क्यांतले प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, आणि एल म्हणजे चालवून घेता येईल एवढी चूक. एखाद्या आजाराचे प्रमाण ३० टक्के धरले आणि एल म्हणून त्या तिसाचे १० टक्के, म्हणजे ३ घेतले, तर ९३४ रुग्ण लागतात. दोन महिन्यांत एका विद्यार्थ्याला हे जमणारे नाही, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळते. एल थेट ७ ठेवला तर १७२ पुरतात. नकार देणारे धरून १९० जणांची तयारी ठेवावी. माहिती गोळा करायला सहा आठवडे, म्हणजे ओपीडीचे सुमारे ३६ दिवस मिळतात. रोज पाच-सहा जण झाले. हे लेक्चर सांभाळून होते. उरलेले दोन आठवडे विश्लेषणाला आणि लिहायला लागतातच. एल का वाढवला, हे प्रस्तावात एका वाक्यात सांगून टाकावे. आकडा उगाच ‘१००’ लिहून मोकळे होण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

विषय निवडताना याच हिशेबाने चालावे. रुग्णाला सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे लागणारा अभ्यास इथे बसत नाही. दुर्मीळ आजारही नको. आठवड्याला दोन रुग्ण येत असतील तर दोन महिन्यांत सोळा-सतराच मिळतील. ओपीडीच्या रजिस्टरमधून मागच्या दोन महिन्यांचा आकडा काढून मगच विषय पक्का करावा. किटचा आणि तपासण्यांचा खर्चही आधी पाहावा, कारण मिळणारे पैसे विद्यार्थ्याचे विद्यावेतन आहे, साहित्याचा निधी नव्हे. एका तपासणीला ३०० रुपये धरले तरी १०० नमुन्यांचे ३०,००० होतात. त्या तपासण्या विभागात एरवी होतच असतील तरच प्रयोगशाळेचा विषय घ्यावा.

एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे, निवड जाहीर होण्याची वाट न पाहता अर्ज करावा. कमिटीची बैठक काही ठिकाणी दोन-तीन महिन्यांतून एकदाच होते, आणि मंजुरीच्या आधी भरलेला एकही फॉर्म वापरता येत नाही; मागच्या तारखेने मंजुरी मिळत नसते. ‘नुसती प्रश्नावली आहे, मंजुरी कशाला?’ हा समज चुकीचा आहे. सूट द्यायची की नाही, हे कमिटीच ठरवते. सहभागींसाठीचे माहितीपत्रक मराठीत हवे, आणि ते वॉर्डातल्या मावशींना एकदा वाचून दाखवावे. त्यांना जे कळले नाही ते रुग्णालाही कळणार नाही. ७ ते १८ वयाची मुले असतील तर पालकांच्या संमतीसोबत मुलाची स्वतःची सहमतीही घ्यावी लागते. दुसऱ्याची इंग्रजी प्रश्नावली वापरणार असाल तर आधी ती बनवणाऱ्याची परवानगी, मग मराठी भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट इंग्रजी भाषांतर आणि दहा जणांवर चाचणी. याला पंधरा दिवस सहज जातात.

योजनेतली खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी आहे: पैसे शेवटी मिळतात. झेरॉक्स, छपाई, गावात जायचे असेल तर एसटीचे भाडे हे सगळे आधी खिशातून. ज्याच्या घरून महिन्याचे पैसे मोजून येतात त्याला हे जड जाते. निम्मी रक्कम निवडीनंतर लगेच द्यायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर कमी खर्चाचा विषय घेणे एवढेच आपल्या हातात.

वेळापत्रक दरवर्षी बदलते, म्हणून त्या वर्षीची सूचनाच प्रमाण मानावी, सीनियरने सांगितलेली तारीख नव्हे. अहवालातही नावे लपवायचीच असतात. आणि ‘फरक आढळला नाही’ असा निकाल आला तरी तो तसाच लिहावा. प्रस्तावात नसलेल्या उपगटांत फरक शोधत बसू नये.