केबिन फिल्टर: साधा, कार्बन की धुता येणारा? मराठवाड्याच्या धुळीत कोणता घ्यावा

ब्लोअर चारवर ठेवला, आवाज दणदणीत येतोय, पण हवा अंगाला लागत नाही. अशा वेळी एसीचा गॅस भरायला जाण्याआधी केबिन फिल्टर बाहेर काढून बघा. गॅरेजमध्ये याला एसी फिल्टर म्हणतात. बॉनेटखालचा एअर फिल्टर इंजिनाचा. हा आत बसलेल्यांचा, आणि बहुतेक छोट्या गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चांगल्या बनावटीचा साधा पांढरा फिल्टरच योग्य. फक्त तो वर्षातून दोनदा बदलावा लागतो.

साधा फिल्टर म्हणजे कृत्रिम धाग्यांचं, न विणलेलं, घड्या घातलेलं कापड. चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, त्यामुळे छिद्रांतून निसटेल इतकी बारीक धूळही धाग्याला चिकटते. पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या गाजरगवताचे परागकण साधारण 15 ते 20 मायक्रॉनचे असतात. ते हा फिल्टर आरामात अडवतो. ज्यांना गाजरगवताने शिंका आणि डोळ्यांची आग होते, त्यांना हा फरक लगेच कळतो. किंमत गाडीनुसार साधारण 200 ते 400 रुपये.

या किमतीत फसवणूकही बरीच आहे, म्हणून घेताना जुना फिल्टर सोबत न्या. दोन्ही शेजारी ठेवून घड्या मोजा: नव्यात कमी असतील तर धूळ धरायला कापडही कमी, म्हणजे तो लवकर चोंदणार. मग कडा बघा. माप दोन-तीन मिलिमीटरने जरी लहान असेल, तरी हवा कापडातून न जाता त्या फटीतूनच जाते आणि फिल्टर असून नसल्यासारखा. उजेडासमोर धरल्यावर मधेच विरळ ठिपके दिसले तर घेऊ नका.

कार्बन फिल्टर राखाडी-काळा, वजनाला जड आणि साध्याच्या जवळपास दुप्पट किमतीचा. त्यातला सक्रिय कार्बन डिझेलचा धूर, कारखान्याचा वास असे वायू शोषतो. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याकडे रोज ट्रकमागे जाणं असेल किंवा साखर कारखान्याजवळ घर असेल, तर पैसे वसूल. पण धूळ अडवण्यात तो साध्यापेक्षा सरस असतोच असं नाही, आणि वास शोषायची त्याची ताकद धूळ धरण्याच्या ताकदीच्या आधी संपते. कार्बन मोनॉक्साइड तर तो मुळीच अडवत नाही, त्यामुळे बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपण्याचा धोका तसाच राहतो. फिल्टर हलकेच झटकल्यावर काळी भुकटी पडत असेल तर तो परत करा.

धुता येणारा जाळीचा किंवा फोमचा फिल्टर मात्र घेऊच नका. एकदाच खर्च, हे ऐकायला बरं वाटतं. पण काळ्या रानातला फुफाटा त्या जाळीतून सरळ आत जातो, एसीच्या ओल्या कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या संचावर) बसतो आणि तिथे त्याचा चिखल होतो. एसी लावल्याबरोबर येणारा कुबट वास अनेकदा या चिखलाचाच असतो. साधा फिल्टर धुणंही तितकंच चुकीचं: पाण्याने विद्युतभार जातो, घड्या मोडतात. पंक्चरच्या दुकानात कंप्रेसरची हवा मारली तर मोठा कचरा निघतो, पण धागे फाटतात.

मॅन्युअलमधले किलोमीटर सर्वसाधारण रस्त्यांसाठी धरलेले असतात. धुळीच्या भागात लवकर बदला, असं तिथेच लिहिलेलं असतं. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी चालू झाल्या की भुसकट हवेत उडतं, त्यामागोमाग कापसाचे तंतू. म्हणून एक बदल दिवाळीनंतर, राशी उरकल्यावर. दुसरा जूनच्या सुरुवातीला, कारण उन्हाळाभर साठलेली धूळ पावसाच्या दमट हवेने ओली झाली की वास धरते.

बदलायला दहा मिनिटं पुरतात. गाडी आणि ब्लोअर बंद करा, ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असेल तर तो आधी सोडवा, मग खणाच्या दोन्ही भिंती आत दाबा, खण खाली लोंबतो. मागच्या आडव्या झाकणाच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून झाकण काढा. फिल्टर ओढण्याआधी बाणाची दिशा मोबाइलवर टिपून ठेवा. ओढताना तो आडवाच ठेवा. तिरका झाला की वरचा पालापाचोळा ब्लोअरमध्ये पडतो आणि पंखा खडखड वाजतो. आधीच्या माणसाने उलटा बसवला असेल अशी शंका आली तर मळलेली बाजू बघा: हवा तिकडून येते आणि बाण तिथून स्वच्छ बाजूकडे जायला हवा. खाचेत कुरतडलेल्या कापडाचे तुकडे किंवा लेंड्या दिसल्या तर उंदरांनी घर केलंय. मग नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, आतलं सगळं व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि जवळच्या वायरी तपासा.

काही जुन्या आणि बेस मॉडेल गाड्यांत कंपनीकडून फिल्टर येतच नाही, जागा कोरी असते. झाकण आधी उघडा, मग खरेदीला जा.

नवा फिल्टर बसवूनही लांबच्या प्रवासात तासाभराने हवा कमी होत असेल आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा नीट येत असेल, तर कॉइलवर बर्फ जमतोय; कॉइल मळलंय का आणि गॅस किती आहे, दोन्ही तपासून घ्या. ब्लोअर फक्त सगळ्यात मोठ्या वेगावरच चालत असेल तर ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. तो ब्लोअरच्याच हवेने थंड होतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरवर महिनोन्महिने गाडी चालवली की तापून जळतो.