झिओलाइटमध्ये धातू घातलाय, आता अमोनिया टीपीडी करू का पिरिडीन आयआर?

आपल्या सांगली-साताऱ्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या, त्यामुळं इथेनॉलपासून इथिलीन नाहीतर अ‍ॅरोमॅटिक्स (बेंझिनसारखी वलयी संयुगं) बनवायचा विषय इथल्या एमएस्सी-पीएचडीच्या पोरांना जवळचा वाटतो, मग झेडएसएम-५ मध्ये (हा एक झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचा उत्प्रेरक) झिंक किंवा कॉपर घालतात, एक्सआरडी (एक्स-रेनं स्फटिकरचना बघायची टेस्ट) काढतात आणि गाडी अडते अ‍ॅसिडिटीवर, म्हणजे त्यात आम्ल साइट किती नि कसल्या यावर. पैसे एकाच टेस्टपुरते असतील तर काय करायचं?

टीपीडी (सॅम्पल तापवत नेताना चिकटलेला वायू किती सुटतो ते मोजायची टेस्ट) सोपी. सॅम्पल हेलियममध्ये ५०० डिग्रीला सुकवायचं, १०० डिग्रीला अमोनिया द्यायचा, सैल चिकटलेला काढून टाकायचा आणि हळूहळू तापवत न्यायचं. २०० च्या आसपास कमकुवत साइट, ४०० च्या आसपास स्ट्राँग, आणि एकूण आकडा हातात. पण धातू घातला की इथंच घोळ होतो, अमोनिया झिंक-कॉपरच्या आयनलाही धरून बसतो, मधेच नवीन पीक दिसतो आणि ‘अ‍ॅसिडिटी वाढली’ असं थिसिसमध्ये लिहिलं जातं. त्यात ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणाऱ्या) साइट किती नि लुईस (इलेक्ट्रॉनची जोडी घेणाऱ्या) किती हे टीपीडी सांगतच नाही!

पिरिडीन आयआर (सॅम्पलवर पिरिडीन बसवून केलेली इन्फ्रारेड टेस्ट) नेमकं तेच सांगते. १५४५ सेमी⁻¹ ला ब्रॉन्स्टेड, १४५० च्या जवळ लुईस, १४९० ला दोन्ही मिळून. झिंक खरंच प्रोटॉनच्या जागी बसला असेल तर १५४५ चा बँड उतरतो आणि लुईसचा चढतो. इथेनॉलमधलं पाणी काढायचं काम मुख्यतः ब्रॉन्स्टेड साइट करतात, अ‍ॅरोमॅटिक्सकडं जाताना हायड्रोजन काढायला झिंकच्या लुईस साइट कामी येतात, म्हणून झिंक असेल तर मी पिरिडीनच सांगेन. फक्त सॅम्पल तापवता येईल असा व्हॅक्यूम सेल आहे का ते आधी फोन करून विचारा, कारण पावडर पिरिडीनमध्ये भिजवून केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड) दाबली तर ती हवेतलं पाणी ओढते आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही.

कॉपरचं जरा वेगळं. टीपीडीच्या मशीनवरच बहुतेक ठिकाणी हायड्रोजन टीपीआर (हायड्रोजनमध्ये तापवत नेऊन धातूचं रिडक्शन बघायची टेस्ट) पण होते, कॉपर आयन म्हणून बसलाय का ऑक्साइडचे कण झालेत याचा अंदाज तिथं येतो, तेव्हा दोन्ही एकत्र करून घ्या. एक्सआरडीत कॉपर ऑक्साइडच्या ३५.५ आणि ३८.७ अंशांना (२θ) काही दिसलं नाही म्हणून ऑक्साइड नाहीच असं धरू नका, अगदी बारीक कण त्यात दिसत नाहीत.

आणि झिओलाइट एसएसझेड-१३ असेल तर पिरिडीनचा विचार सोडा, त्याची छिद्रं ३.८ अँगस्ट्रॉमची, पिरिडीन आत शिरतच नाही, अमोनियाच लागतो.