स्विचसाठी टॅकॅक्स प्लस: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल अशा तिन्ही एमआयडीसींत युनिटं असलेल्या एका फाउंड्री ग्रुपचं नेटवर्क आम्ही सांभाळतो. आधी सगळ्या स्विचवर (नेटवर्कची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या डब्यांवर) एकच ‘ॲडमिन’ आणि एकच पासवर्ड. तो आम्हाला पाठ, एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराला) पाठ आणि नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोरांनाही पाठ. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर टॅकॅक्स प्लस बसवलं, म्हणजे स्विचमध्ये कोण शिरतो, त्याला काय करता येतं आणि त्यानं काय केलं हे एका सर्व्हरवरून सांभाळणारा प्रोटोकॉल. आता दिवाळी आली, म्हणून लिहितोय.

सॉफ्टवेअर फुकटचंच, लिनक्सवर टॅक-प्लस-एनजी. एक सर्व्हर शिरोलीत, दुसरा कागलला, मागे कंपनीची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती ठेवणारी यादी). माणूस गेला की एका जागी खातं बंद करायचं, विषय संपला. पण पैसा वसूल होतो तो अकाउंटिंगमध्ये, म्हणजे कोणी कधी कोणती कमांड दिली याच्या नोंदीत.

पावसाळ्यात एका सकाळी शिरोलीच्या मोल्डिंग लाइनचे कॅमेरे, वजनकाट्याचा पीसी, हजेरीचं मशीन सगळं एकदम गेलं. पूर्वी अशा वेळी साहेबांच्या केबिनमध्ये ‘मी हातच लावला नाही’ हे सगळ्यांकडून ऐकायला मिळायचं. यावेळी लॉग उघडला. वेळ, स्विचचा आयपी, युजर, लॉगिन कुठून झालं आणि शेवटी कमांड: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’. मधला ‘ॲड’ गायब! सिस्कोवाल्यांना पुढचं सांगायला नको. 30 जोडायच्या ऐवजी बाकीचे सगळे व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्कं) त्या ट्रंकवरून (दोन स्विचमधल्या सामायिक जोडणीवरून) उडाले होते. खातं बाहेरच्या व्हेंडरच्या इंजिनिअरचं. फोन करून ओळ वाचून दाखवली, तर वाद न घालता ‘करतो साहेब, करतो’. कमांड कोअर (मुख्य) स्विचवर दिली होती म्हणून नोंद पोचली. पलीकडच्या टोकाला दिली असती तर बहुतेक तीही अडकली असती.

लॉगला अर्थ यायचा तर आधी सगळ्या डब्यांची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) आणा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत घड्याळं जुळवणं आणि लॉग 180 दिवस ठेवणं दोन्ही आहे, त्यामुळे साहेबांकडून डिस्क मंजूर करून घेणं सोपं गेलं.

ऑथरायझेशनबद्दल (कोणाला कोणती कमांड चालेल) मात्र माझं मत तितकं चांगलं नाही. हेल्पडेस्कच्या पोरांना फक्त ‘शो’ आणि पोर्ट बंद-चालू करण्याची मुभा, इथपर्यंत झकास. पण प्रत्येक कमांड सर्व्हरला विचारून येते. लांबलचक कॉन्फिग पेस्ट केलं की ओळीओळीला डुलकी. मोठे बदल आता आम्ही फाइल कॉपी करून चढवतो.

स्विचच्या लॉगिन सेटिंगमध्ये ‘ग्रुप टॅकॅक्स प्लस’च्या पुढे ‘लोकल’ (स्विचमध्येच ठेवलेलं खातं) लिहिलं की लोकल पासवर्ड कधीही चालेल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही तरच लोकल. त्यानं ‘नाही’ म्हटलं तर नाहीच. रस्त्याच्या खोदाईत गोकुळ शिरगावची फायबर तुटली तेव्हा हे चांगलंच कामी आलं: तिजोरीतलं लोकल पासवर्डचं पाकीट फोडलं, लोकल खात्यानं आत गेलो. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याचा टाइमआउट मुळात 5 सेकंद, दोन सर्व्हर म्हणजे 10. तो कमी करा. आणि ऑथरायझेशनच्या ओळीत शेवटी ‘इफ-ऑथेंटिकेटेड’सारखा पर्याय नसेल, तर सर्व्हर गायब असताना लॉगिन होऊनही कमांड चालणार नाही.

याच कामाचा दुसरा प्रोटोकॉल म्हणजे रेडियस, तो का नको, असं विचारतात. तिथे ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं) आणि ऑथरायझेशन एकाच उत्तरात येतं, कमांडगणिक परवानगी नाही आणि नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटमध्ये फक्त पासवर्ड झाकलेला. टॅकॅक्स प्लस हेडर सोडून सगळं झाकतं, पण तेही एमडी5 या जुन्या पद्धतीवरच. 2020 चं आरएफसी 8907 (टॅकॅक्स प्लसचं वर्णन करणारा दस्तऐवज) त्याला एन्क्रिप्शन म्हणायलाही तयार नाही. त्यामुळे टीसीपी 49 (टॅकॅक्स प्लसचा पोर्ट) वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच ठेवा.

तरी रेडियसपासून सुटका नाही, कारण आमचे मायक्रोटिक राऊटर टॅकॅक्स बोलतच नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर उभा केला आणि 2024 च्या ब्लास्ट-रेडियस प्रकरणामुळे (रेडियसचं उत्तर बनावट करता येणारी त्रुटी) मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेट खरं असल्याची खूण) सक्तीचा केला. या राऊटरचा क्रम मात्र उलटा: आधी लोकल यादी बघतात, नाव तिथे नसेल तरच रेडियसला विचारतात. जुन्या एएमसीवाल्याचं खातं यादीत राहिलं, तर तुम्ही सर्व्हरवर काहीही बंद करा, तो सुखेनैव आत येत राहणार. म्हणून एक आणीबाणीचं खातं सोडून बाकीची यादी आधी साफ करा, मगच रेडियस चालू करा.