सीएस ४३९८ डॅक: घरच्या घरी केलेल्या सुधारणा आणि इतक्या महिन्यांनंतर काय टिकलं

डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी चिप. माझा बोर्ड साधाच आहे, ऑनलाइन मिळतो तसला. सीएस ८४१६ रिसिव्हर (डिजिटल सिग्नल आत घेणारी चिप), पुढे सीएस ४३९८ आणि शेवटी सॉकेटात एनई ५५३२ ऑपॅम्प (अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर देणारी चिप). चिप २४ बिट १९२ किलोहर्ट्झची, डायनॅमिक रेंज १२० डीबी, आणि सीडीला लागतं १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे चिपमध्ये काही उणं नाही. मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून रोज चालू आहे, टीव्हीला ऑप्टिकलने (प्रकाशाच्या केबलने) आणि कॉम्प्युटरला सुरुवातीला कोअ‍ॅक्सने. आता खात्रीने सांगतो, या बोर्डावर पैसे घालायचे असतील तर पहिल्यांदा पॉवर सप्लायवर घाला, ऑपॅम्पचं सगळ्यात शेवटी बघा.

कारण सांगतो. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो, आजूबाजूला माग, त्यात संध्याकाळी घरोघरी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १९० च्या आसपास उतरतं. बोर्डाबरोबर आलेला ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा (मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट). २३० ला तो ठीक चालतो, १२ चे पीकला (लाटेच्या टोकाला) १७, डायोड जाऊन १६ च्या वर राहतात आणि ७८१२ ला (१२ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला) आरामात पुरतात. पण लाइन १९० झाली की तेच १३.३ वर येतात, ७८१२ ला किमान १४ तरी पाहिजेत, मग तो रेग्युलेट करायचंच सोडतो आणि रेक्टिफायरचा (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांचा) १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, सरळ पुढे जातो. दुपारी एकदम स्वच्छ आणि संध्याकाळी तानपुऱ्याच्या खाली घूंऽऽ, त्याचं कारण एवढंच. लोक केबल बदलतात, ऑपॅम्प बदलतात, आणि दोष असतो ट्रान्सफॉर्मरात.

मोटार वाइंडिंग करणाऱ्या मामांकडून नवा करून घेतला, १५-०-१५ आणि वर ९ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग. मामा म्हणाले, "पंधरा-झिरो-पंधरा देतो की गुंडाळून, पण हे नऊचं वेगळं कशाला पायजे तुला?" ते यासाठी की डिजिटल भागाचे ५ आणि ३.३ व्होल्ट जर १५ च्या वाइंडिंगमधून येणाऱ्या २० व्होल्टमधूनच काढले तर १०० मिलिअँपलासुद्धा पहिल्या रेग्युलेटरवर दीड वॅट नुसती उष्णता होते, डबी तापते, आणि जवळच्या कॅपॅसिटरचं आयुष्य त्यात जातं (दहा अंश तापमान कमी झालं की इलेक्ट्रोलायटिक साधारण दुप्पट टिकतो असा हिशोब असतो). शिवाय डिजिटलचा कचरा अ‍ॅनालॉगच्या वाइंडिंगात येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, १५-०-१५ लावल्यावर फिल्टरचे कॅपॅसिटर २५ व्होल्टचे असतील तर आधी ते काढा. रात्री लाइन २५० ला जाते, तेव्हा पीक २३ होतो आणि लोड कमी असला तर ट्रान्सफॉर्मर त्याच्याही वर देतो, म्हणजे २५ ची हद्दच आली. ३५ व्होल्टचे, १०५ डिग्रीचे घातले, ते खडेबाजारच्या बाजूला मिळून गेले, आणि प्रायमरीला फ्यूज घातला. डबी उघडायची तर प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे होऊ देऊन मगच.

ट्रान्सफॉर्मर आधी बोर्डाशेजारीच होता. व्होल्टेज ठीक असतानाही हेडफोनमध्ये बारीक ५० हर्ट्झ यायचा. ईआय कोअरचं (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांच्या गाभ्याचं) चुंबकीय क्षेत्र बाहेर पसरतं ते. हातात धरून हळूहळू फिरवत ऐकलं तर एका कोनात हम जवळजवळ गायब झाला, नव्वद अंश फिरवला की परत. शेवटी त्याला वेगळ्याच डबीत घालून हातभर लांब ठेवला. याला पैसा लागत नाही आणि फरक कुणालाही कळतो, घरात आईला पण कळला.

मग राहिली रेफरन्सची पिन. डॅकचं आउटपुट हे रेफरन्स व्होल्टेजच्या प्रमाणात निघतं, त्यामुळे तिथे जो नॉइज असेल तो सिग्नलबरोबरच बाहेर येतो, पुढे कितीही भारी ऑपॅम्प लावा तो वेगळा काढता येत नाही. माझ्या बोर्डावर त्या जागी जो कॅपॅसिटर होता तो कुठल्या कंपनीचा तेच कळत नव्हतं. लो ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) १०० मायक्रोफॅरॅड आणि पिनच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक लावला. जुना काढताना जोर लावू नका, दोन्ही बाजूंनी तांबं असलेल्या बोर्डाचं भोक उखडतं, आधी पाय कापा मग एकेक पाय गरम करून ओढा. आणि नवा बसवताना पट्टी म्हणजे मायनस, दोनदा बघा.

आउटपुटच्या कपलिंग (डीसी अडवणाऱ्या) कॅपॅसिटरबद्दल नेटवर फार बोललं जातं. १० मायक्रोफॅरॅड आणि पुढे १० किलोओमचा अ‍ॅम्प्लिफायर असला तर कटऑफ (ज्याच्या खालचे सूर कमी होतात ती हद्द) १.६ हर्ट्झवर येतो, माणूस वीसच्या खाली ऐकत नाही. महाग फिल्म कॅपॅसिटर मला तरी इथे पटत नाहीत.

कॉम्प्युटर कोअ‍ॅक्सने जोडला की अर्थिंगचा लूप होऊन थोडा हम यायचा, ऑप्टिकल घातल्यावर गेला, कारण मध्ये तांब्याची तारच नाही.

आता ऑपॅम्प. ओपीए २१३४ लावून बघितला, एलएम ४५६२ पण. २१३४ शांत वाटतो, पण आवाजाची पातळी सारखी करून, कुठला लावलाय ते न बघता ऐकलं तर मला ५५३२ पासून ओळखता आला नाही. ४५६२ ची बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ, साध्या बोर्डावर तो ऑसिलेट व्हायला (सिग्नल नसताना आपणहून कंपायला) बसलेलाच असतो, हाताला गरम लागला म्हणून सॉकेटाच्या खालच्या बाजूने ८ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये ०.१ चा लावला तेव्हा गार पडला. कुठलाही बदलला की स्पीकर जोडायच्या आधी मीटरने आउटपुटवर डीसी बघायचा. आणि ऑनलाइन फार स्वस्तात मिळाला तर तो खरा असेलच असं नाही, त्यापेक्षा जुना ५५३२ बरा.

ऐकायला जास्त करून कुमारजी (गायक कुमार गंधर्व) असतात. सुळेभावी इथून जवळच, त्यांचा जन्म १९२४ चा तिथलाच, त्यामुळे आमच्या घरी त्यांचं गाणं आपलंच. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ओळींच्या मध्ये ते थांबतात आणि मागे नुसता तानपुरा राहतो, जवारी (तारांचा गुंजणारा झंकार) हळूहळू विरत जाते, आधी ती घूंमध्ये बुडून जायची. आता शेवटपर्यंत ऐकू येते, भर संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू असतानासुद्धा.

पावसाळ्यात दमटपणामुळे आरसीएचे (ऑडिओ केबल लावायचे) जॅक काळे पडून एक चॅनेल खरखरत होता, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुसला, ठीक झाला. विजा चमकत असल्या की प्लग काढून ठेवतो. बाकी इतक्या महिन्यांत काही हात लावावा लागला नाही, सॉकेटात परत ५५३२ च आहे.