शाखामार्गाचं मॉडेल: एचओ की एन?

रेल्वेच्या शाखामार्गाचं, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणाऱ्या फाट्याचं, छोटं मॉडेल घरी करायचं, तर निवड या दोन मापांत: एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी; एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. आपला २१.३ मीटरचा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) प्रवासी डबा एचओत सुमारे २४५ मिमी भरतो, एनमध्ये १३३. फ्लॅटमध्ये भिंतीलगत एखादी फळीच मिळणार असेल, तर एनचा मोह पडतोच.

पण शाखामार्गाची खरी मजा शंटिंगमध्ये: इंजिन सोडवा, लूपमधून (बाजूच्या समांतर रुळावरून) फिरवून दुसऱ्या टोकाला जोडा, वाघिणी सायडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळावर) ढकला. या खटपटीला एचओची चाकं आणि कपलिंग हाताला बरी. एनचं हलकं इंजिन रुळावर जराशी धूळ बसली की अडतं. (खोट दोघांतही आहेच: आपलं १६७६ मिमीचं ब्रॉडगेज एचओत १९.३ मिमी हवं, म्हणजे विकतचा रूळ अरुंदच.) मी एचओ घेईन, डबे दोनच ठेवीन.